पुणे ते रत्नागिरी गाडीने, निवांत, सगळ्यांना भेटत भेटत

आधी एक ठरवा, दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही. पुण्याहून सातारा साधारण 110, तिथे नणंदेकडे मुक्काम, मग कराड, कोल्हापूर आणि तिथून आंबा घाटाने रत्नागिरी, असं आम्ही दोघांनी केलं आणि ह्यांची पाठ अजिबात धरली नाही. सकाळी सहाला निघा, खंबाटकी घाट गर्दीच्या आत पार होतो. दर तासाला थांबून पाच मिनिटं चाला, गुडघे आखडत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या पर्समध्येच ठेवा, डिकीत नको. हायवेवर गाडी बंद पडली तर 1033 ह्या राष्ट्रीय महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन लावा.

ज्यांच्याकडे जाणार त्यांना दोन दिवस आधी फोन करून सांगा की जेवणाचा घाट घालू नका, पिठलं-भाकरी चालेल, नाहीतर वहिनी बिचारी दिवसभर ओट्यापाशी आणि ज्यासाठी एवढं गेलो त्या गप्पा राहूनच जातात, आमचं कराडला तेच झालं, शेवटी मीच लसूण सोलायला बसले तेव्हा कुठे आम्ही पोटभर बोललो. पुढच्या घरासाठी साताऱ्याचे कंदी पेढे घ्या. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं असतं, तो टप्पा उजेडातच उरका.