आराखड्याला बसण्याआधी: पाणी आणि वनाच्या नियोजनाची तयारी

पाऊस ओसरला की जिल्ह्याच्या कचेऱ्यांत पुढच्या वर्षाच्या आराखड्याची घाई सुरू होते. जलसंधारणाचा एक तक्ता येतो, वन विभागाचा दुसरा, पाणीपुरवठ्याचा तिसरा. तिन्ही एकत्र टाचून वर पाठवायचे आणि त्यालाच आराखडा म्हणायचं, ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. मी या कामात बरीच वर्षं काढली. चांगला आराखडा बैठकीच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत, पायी फिरून तयार होतो, हे माझं ठाम मत झालं आहे. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांनी ती तयारी कशी करावी, ते इथे लिहितो आहे.

सगळ्यात आधी नकाशा. तुमच्या टेबलावर बहुधा तालुक्याचा नकाशा असेल. तो बाजूला ठेवा आणि पाणलोटाचा, म्हणजे ज्या भागातलं पाणी वाहत एकाच ओढ्याला मिळतं त्या भागाचा, मागवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे दीड हजारावर पाणलोट पाडले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. त्या नकाशावर वनाचे कक्ष (वन विभागाने पाडलेले जंगलाचे क्रमांकित तुकडे), गायरानाचे गट आणि खासगी शेतं वेगवेगळ्या रंगांत भरून घ्या. हे काम एका संध्याकाळचं आहे, पण ते झालं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आपल्याकडे डोंगराचा माथा बहुतेक वेळा वनाचा, मधला उतार गायरानाचा आणि पायथा शेतकऱ्याचा असतो. पाणी या तिन्ही मालकांच्या हद्दीतून वाहत येतं, आणि आपल्या फायली मात्र हद्दीवर थांबतात. माथा ते पायथा हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. तरीही माथ्यावर एकही चर, म्हणजे पाणी मुरवायला उतारावर आडवी खोदलेली चारी, नसताना पायथ्याला तीन सिमेंट नाला बांध बांधलेले मी पाहिले आहेत. माथ्याची जागा दुसऱ्या विभागाची होती, एवढंच त्याचं कारण होतं. म्हणून हा नकाशा घेऊन पहिल्या आठवड्यातच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जाऊन या. पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका.

नकाशाबरोबर शब्दांचाही मेळ घालून घ्यावा लागतो. तलावात किती पाणी येईल हे काढायला आपण अजून स्ट्रेंजचा तक्ता वापरतो. त्यात पाणलोटाचे चांगला, मध्यम आणि वाईट असे वर्ग आहेत. चांगला म्हणजे ज्यावरून पाणी भराभर वाहून येतं तो, म्हणजेच बरेचदा उघडाबोडका डोंगर. वनपालाच्या लेखी तोच डोंगर सगळ्यात वाईट. माथ्यावर गवत आणि झाडोरा आला की पावसाळ्यातला लोंढा कमी होणार आणि पाणी हळूहळू मुरून येणार. अशा वेळी पाझर तलाव जुन्या हिशेबाने भरत नाही आणि मग काम फसलं अशी ओरड होते. दक्षिण आफ्रिकेत २००९ पर्यंत पाणी आणि वन एकाच खात्याकडे होतं. तिथल्या १९९८ च्या जलकायद्यात व्यापारी वनलागवड ही ओढ्याचं पाणी कमी करणारी गोष्ट म्हणून नोंदवली आहे. निलगिरीची किंवा पाइनची लागवड करायची तर तिने किती पाणी घटेल हा प्रश्न आधी येतो. आपल्याकडे तसं एक खातं नाही. म्हणून माथ्यावर काय लावणार आणि खालच्या तलावाचा हिशेब कशावर धरणार, हे दोन्ही विभागांनी एका टेबलाशी बसून एकदाच ठरवून घेतलेलं बरं.

ऑक्टोबर संपायच्या आत विहिरी मोजा. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चारदा होते आणि ते आकडे मिळतात. पण अख्ख्या पाणलोटात त्यांच्या मोजक्याच विहिरी असतात. त्यामुळे प्रत्येक गावात आपण स्वतः आठ-दहा विहिरी निवडायच्या. काही ओढ्यालगतच्या, काही मधल्या आणि काही अगदी वरच्या अंगाच्या. टेपच्या टोकाला दगड बांधायचा, काठावर रंगाची खूण करायची आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजायचं. ही खूण फार महत्त्वाची. एका गावात दोन वर्षांच्या मोजणीत पाणी दीड मीटरने वर आलेलं दिसत होतं आणि सगळे खुशीत होते. मग कळलं की मधल्या काळात विहिरीचा कठडा नवा बांधला होता, आणि पहिल्या वर्षी कठड्यावरून तर दुसऱ्या वर्षी जमिनीपासून मोजलं होतं.

मग गावाचा पाण्याचा ताळेबंद. याची लोकांना उगाच भीती वाटते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. हजार हेक्टरचं शिवार आणि ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० लाख घनमीटर, आपल्या भाषेत ५,००० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). गावाची लोकसंख्या १,५०० असेल आणि माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षभराच्या पिण्या-वापरण्याला साधारण ३० टीसीएम लागतात. आता शेजारी उसाचा आकडा मांडा. उसाला २,००० मिलिमीटर पाणी धरलं तर हेक्टरी २० टीसीएम होतात. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी चार एकरांहून कमी उसात संपतं. हा हिशेब मी ग्रामसभेत खडूने फळ्यावर मांडतो. छापील तक्ता वाटला तर लोक त्याची घडी करून खिशात ठेवतात. फळ्यावर आकडे पडायला लागले की मागे बसलेला माणूसही उठून म्हणतो, साहेब, माझी दोन बोअर धरलीत का? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हेच वर्षानुवर्षं केलं. किती पाऊस पडला, किती पाणी हाती आहे आणि त्यात कोणतं पीक बसतं, हे सगळ्यांसमोर ठरवलं आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम पाळला. बंधारे तर पुष्कळ गावांनी बांधले, पण पाण्याच्या वापराला हात घालायची तयारी फार थोड्यांनी दाखवली.

यानंतरची तयारी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि नेमकी तीच टाळली जाते. नवी कामं सुचवण्याआधी जुनी बघून या. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार ही राज्याची जलसंधारण योजना सुरू झाली, त्याआधी १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर कामं झाली, पुढे पाणलोट विकासाचे कार्यक्रम आले. गावागावांत या सगळ्यांचे थर साचले आहेत. मापनपुस्तिकांवरून, म्हणजे झालेल्या कामांच्या मोजमापाच्या नोंदवह्यांवरून, यादी करा आणि प्रत्येक कामावर स्वतः जाऊन उभे राहा.

पुरंदरच्या बाजूला एका डोंगरावर असाच चढलो होतो. बरोबर वनरक्षक होते, निवृत्तीला आलेले. समतल चरांची लांबच लांब ओळ दिसत होती, दुरून फार देखणी. जवळ गेलो तर चर गाळाने अर्ध्याहून जास्त भरलेले. वनरक्षकांनी काठी खुपसली, ती वीतभरही आत गेली नाही. चर मुळात ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. एका मीटरला १८० लिटर पाणी धरतो. हेक्टरी ५०० मीटर चर असतील तर एका भरण्यात ९० घनमीटर. अर्धा गाळ म्हणजे सरळ ४५. पुढे एका ठिकाणी चराची पातळी चुकली होती. पाणी एका टोकाला गोळा होऊन तिथून भराव फुटला होता आणि खाली पुरुषभर खोल घळ पडली होती. चर काढला नसता तर निदान ती घळ तरी पडली नसती. वनरक्षक खाली बसले, त्या घळीतली माती मुठीत घेतली आणि म्हणाले, ही माती वर यायला किती वर्षं लागली असतील, सर. त्या वर्षी मी आराखड्यात त्या डोंगरासाठी एकही नवं काम धरलं नाही. फक्त गाळ काढणं, भराव दुरुस्ती आणि घळीला अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचा, बांध. बैठकीत मला विचारलं गेलं की यात नवीन काय. आजही मी तेच करीन. दुरुस्तीला खर्चाचं वेगळं शीर्ष मिळत नाही अशी अडचण सांगतात आणि ती खरी आहे. म्हणूनच फोटो, मोजमाप आणि खर्चाची तुलना आधीपासून हाताशी हवी.

वनाच्या बाजूने बघायचं तर कार्य आयोजना, म्हणजे वन विभागाचा त्या जंगलाच्या कामांचा आराखडा, वाचल्याशिवाय बैठकीला जाऊ नका. ती दहा वर्षांसाठी असते आणि कोणत्या कक्षात काय करायचं ते तिथे आधीच लिहिलेलं असतं. रोपांचा विचार तर आत्ताच करावा लागतो. दीड वर्षाचं उंच रोप पुढच्या जूनमध्ये हवं असेल तर ते आज रोपवाटिकेत पिशवीत उभं असायला हवं. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य होतं. असं मोठं लक्ष्य आलं की मिळेल ते रोप उचललं जातं आणि मुरमाड टेकडीवर ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड जातं. कडुनिंब, करंज, बहावा, खैर, अंजन यातलं आपल्या मातीत आणि आपल्या पावसात काय टिकतं, ते शेजारच्या देवराईत किंवा जुन्या बांधावर बघून ठरवा. आणि मागच्या तीन वर्षांच्या लागवडीतली जिवंत रोपं स्वतः मोजा.

जंगलावर हक्क कोणाचा, हेही आधीच तपासून ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला असेल तर त्या क्षेत्राचं नियोजन ग्रामसभेचं आहे, आपण मदतीला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावाला विचारल्याशिवाय त्याच्या जंगलात चर मारायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न सांगता भिंत बांधणं.

ग्रामसभेआधी तीन बैठका घ्या. एक बायकांची, विहिरीवर किंवा अंगणवाडीत, सकाळी पाणी भरून झाल्यावर. उन्हाळ्यात कोणती विहीर शेवटी आटते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. दुसरी मेंढपाळांची. चराईबंदी कागदावर लिहिणं सोपं आहे, पण शे-दीडशे मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराला यंदा कोणता उतार मोकळा आणि कोणता राखीव, हे त्याच्याशी बसून ठरलं तरच रोपं वाचतात. तिसरी खालच्या गावाची. वरच्याने पाणी अडवलं की खालचा विचारतो, आमचं काय? हा प्रश्न भांडणात येण्याआधी बैठकीत आलेला चांगला.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, त्याआधी काढून व्हायला हव्यात, म्हणजे त्यांचा निधी आणि मजूर डिसेंबरातच ठरले पाहिजेत. एका रात्रीच्या वणव्यात माथ्यावरचं गवत गेलं की पहिल्या पावसात ती उघडी माती थेट खालच्या तलावात उतरते. ज्या तलावाचा गाळ काढायला आपण पैसे मागतोय त्याच तलावात. जाळरेषेचा खर्च जलसंधारणाच्या तक्त्यातही का दाखवावा, याचं हे कारण बैठकीत ठासून सांगा.

कागदांबद्दल थोडक्यात. तलावाचं बुडीत क्षेत्र वनजमिनीत जात असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते, म्हणून तो प्रस्ताव आराखड्याच्या आधी सुरू करा. सातबारा, ग्रामसभेचा ठराव आणि तेच काम दुसऱ्या योजनेत झालेलं नाही असा दाखला, हे तिन्ही प्रत्येक कामामागे लावलेले असू द्या. मार्चमध्ये ते शोधत बसलात तर निधी परत जातो.

आणि डायरीत जूनचं एक पान आत्ताच राखून ठेवा. पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी सगळ्या बैठका रद्द करून छत्री, टेप आणि पाणलोटाचा तोच रंगीत नकाशा घेऊन माथ्यावर जायचं. पाणी कुठल्या चरात थांबतंय आणि कुठून फुटून खाली पळतंय, त्याच्या खुणा पाऊस चालू असतानाच नकाशावर पेन्सिलने करायच्या. पुढच्या ऑक्टोबरात हाच नकाशा टेबलावर पसरायचा आहे.