ऑफिसचा सायकल-रस्ता आखताना सुरुवात पुलापासून करा

सायकलने ऑफिसला जायचे ठरले की बहुतेक जण फोनवर नकाशा उघडतात आणि सर्वांत जवळचा रस्ता निवडतात. नकाशातला ‘दुचाकी’ पर्याय मोटारसायकलसाठी असतो. उड्डाणपूल किंवा भरधाव वाहतुकीचा चौक त्याच्या हिशेबात अडचण नसते. सायकलला एक किलोमीटर जास्त पडले तर चारच मिनिटे जातात. वाईट चौक मात्र रोज दोनदा वाट्याला येतो आणि आठवड्याभरात सायकल पुन्हा जिन्याखाली जाऊन बसते. म्हणून आधी अडचणीच्या जागा बघायच्या, अंतर नंतर.

उदाहरण पुण्याचे घेऊ. सिंहगड रस्त्यावरच्या आनंदनगरपासून शिवाजीनगर, आठ-नऊ किलोमीटर.

१. नदी कुठे ओलांडायची?

प्रत्येक शहरात नदी, रेल्वे, महामार्ग किंवा टेकडी अशी काही रेघ असते आणि ती मोजक्याच ठिकाणी ओलांडता येते. ती ठिकाणे नकाशावर पहिल्यांदा खुणा करून ठेवा. बाकीचा रस्ता त्यांच्याभोवती जुळतो.

इथे मुठा ओलांडायची आहे. सिंहगड रस्त्याने सरळ दांडेकर पुलाकडे आणि पुढे अलका चौकातून लकडी पुलावर गेलात, तर बसगाड्यांच्या गर्दीतला सगळा पट्टा वाट्याला येतो. त्यापेक्षा राजाराम पुलावरच नदी ओलांडा. पलीकडे डीपी रस्त्याने म्हात्रे पुलाच्या एरंडवण्याकडच्या तोंडाशी येता येते. संध्याकाळी मात्र डीपी रस्ता बघून घ्या. तिथे मंगल कार्यालये आणि लॉन्स आहेत, लग्नसराईत दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि डावी बाजू उरतच नाही.

पेठांमधून डेक्कनला येणाऱ्यांसाठी झेड ब्रिज चांगला, कारण त्यावर चारचाकी नसतात. शेजारचा भिडे पूल सोयीचा आहे, पण नदीपात्रात अगदी खाली बांधलेला आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की तो पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ताही बंद होतो. पावसाळ्यात या दोन्हींवर विसंबू नका.

२. पुलांमधले अंतर गल्ल्यांनी भरा

म्हात्रे पुलाकडून नळ स्टॉपला आलात की कर्वे रस्ता फक्त ओलांडायचा, त्यावरून चालवायचे नाही. समोरच्या लॉ कॉलेज रस्त्याने थोडे पुढे जाऊन प्रभात रस्त्याच्या बाजूला गल्लीत शिरा. प्रभात आणि भांडारकर रस्त्यांच्या परिसरात सावली आहे, गाड्यांचा वेगही कमी असतो. तिथून गुडलक चौक, मग फर्ग्युसन रस्ता.

फर्ग्युसन रस्ता शिवाजीनगरच्या दिशेने एकेरी आहे, जंगली महाराज रस्ता डेक्कनच्या दिशेने. म्हणजे जायचा आणि यायचा रस्ता वेगळा निघतो. परतीचा रस्ता स्वतंत्रपणे आखा. सकाळचाच उलटा धरलात तर कुठे तरी उलट्या दिशेने घुसावे लागते. एकेरीचा नियम सायकललाही आहे. पन्नास-शंभर मीटरचाच प्रश्न असेल तर उतरा आणि पदपथावरून सायकल हातात धरून चाला.

शांत रस्त्यासाठी किती वळसा घ्यावा? मूळ अंतराच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत. त्याहून लांब रस्ता उशीर झालेल्या सकाळी कोणी धरत नाही.

३. प्रत्येक चौकाचा निर्णय घरी बसून घ्या

धोका सर्वांत जास्त चौकात असतो. सरळ जायचे असेल तर सिग्नलला अगदी डाव्या कडेला उभे राहू नका, कारण हिरवा दिवा लागताच डावीकडे वळणारी रिक्षा किंवा बस तुमच्या पुढ्यातून कट मारते. डाव्या लेनच्या मधोमध, शक्यतो पुढे थांबा. बसच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकायचे नाही. चालकाला तुम्ही तिथे दिसत नाही.

मोठ्या चौकात उजवीकडे दोन टप्प्यांत वळा. आधी डावीकडून सरळ चौक ओलांडा. पलीकडच्या कोपऱ्यात थांबून सायकल उजव्या दिशेला वळवा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. मिनिटभर जास्त लागतो, पण तीन लेन कापत जावे लागत नाही. उड्डाणपूल असेल तिथे खालूनच जा. वर चढाला तुमचा वेग आठ-दहावर येतो, मागच्या गाड्यांचा पन्नासच्या पुढे असतो.

उभ्या गाड्यांपासून एक मीटर अंतर ठेवा, म्हणजे अचानक उघडलेले दार लागणार नाही. एखाद्या रस्त्यावर एवढीही जागा मिळत नसेल तर तो रस्ता यादीतून काढा.

४. चढ तपासा

ब्राउटर या मोफत संकेतस्थळावर रस्ता टाकला की चढ-उताराचा आलेख दिसतो. किलोमीटरला तीस मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर बिनगिअरच्या सायकलवर ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट भिजतो. चढ टाळता येत नसेल तर तो परतीच्या वाटेवर येईल असे बघा, घरी आंघोळ करता येते.

५. दोनदा चालवून बघा

पहिली फेरी रविवारी सकाळी सातला, फक्त रस्ता बघायला. ज्यांच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने आहेत अशा जाळ्या, खोल बसलेली चेंबरची झाकणे, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकमधली उभी फट आणि ओळीने रंबलर (वेग कमी करायला लावलेले छोटे उंचवटे) दिसले की जागा टिपून ठेवा. पातळ टायर फटीत अडकला की सायकल तिथेच पडते, म्हणून ३२ ते ४० मिमी रुंदीचे टायर घ्या. रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे पावसात गुळगुळीत होतात. त्यांच्यावर ना वळायचे, ना ब्रेक दाबायचा.

दुसरी फेरी कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, जाऊन-येऊन. ताशी १५ किमी धरले तर साडेआठ किलोमीटरला ३४ मिनिटे, दहा सिग्नलांची सात-आठ मिनिटे, सायकल लावून घाम पुसायला दहा. सुरुवातीचा महिनाभर ताशी १२ धरा. सायकल कोणत्या फाटकातून आत सोडतात आणि लोखंडी दांड्याला फ्रेम बांधता येईल अशी जागा कुठे आहे, हे ऑफिसच्या सुरक्षारक्षकाला आदल्या दिवशीच विचारा.

६. दुसरा रस्ता हाताशी ठेवा

जुलै २०२४ मध्ये मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत शिरले होते, तेव्हा नदीकाठचा रस्ता बंद होणे ही दूरची गोष्ट नाही. गणेशोत्सवात पेठांमधल्या गल्ल्या मांडवांनी अरुंद होतात आणि विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे रस्ते वाहनांना बंदच असतात. पालख्या शहरात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रस्ता विसरा.

दोन्ही रस्त्यांवरची पंक्चरची दुकाने नकाशावर टिपा. त्यातली बरीच मोटारसायकलची असतात आणि गिअरच्या काही सायकलींना असतो त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्यांचा पंप बसत नाही. तुमचा व्हॉल्व्ह तसा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर टोपीच्या जागीच लावून ठेवा.