ध्रुवीय प्रकाशाचा फोटो: सराव आधी शिवारात

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला किंवा आइसलँडला ध्रुवीय प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशात लहरणारा रंगीत उजेड (ऑरोरा), बघायला जायचं तर सप्टेंबर ते मार्च हा काळ. तिथं आकाश हिरवं झालं की झोत दोन-तीन मिनिटांतही विरून जातो. कॅमेऱ्याची बटणं शोधायला तेवढ्यात वेळ मिळत नाही. म्हणून सराव इथंच करा: डिसेंबर-जानेवारीत, अमावस्येच्या मागेपुढे चार दिवस, गावाच्या दिव्यांपासून दूर कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर. मालकाला आधी सांगून जा, रानात पाय टाकताना टॉर्च हवाच.

सामान थोडंच लागतं. मॅन्युअल मोड (सगळं हातानं ठरवता येतं तो) असलेला कॅमेरा, 14 ते 24 मिलिमीटरची एफ 2.8 लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), न हलणारा ट्रायपॉड, दोन जादा बॅटऱ्या. कॅमेऱ्यासोबत आलेल्या 18-55 मिलिमीटरच्या लेन्सवरही जमतं. ती 18 वर ठेवून एफ 3.5 घ्या आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, थोडी वाढवा.

सगळ्यात जास्त फोटो फोकसमुळे वाया जातात. अंधारात ऑटोफोकस पुढेमागे फिरत राहतो, आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नये, खरा फोकस बहुधा तिच्या जरा अलीकडे असतो. लेन्स मॅन्युअलवर घ्या. रात्री नऊ-दहाला आग्नेयेला व्याधाचा तारा ठळक दिसतो, तो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात, दहापट मोठा करा. फोकसची रिंग हळूहळू फिरवा, ठिपका लहान लहान होत जाईल आणि मग पुन्हा पसरेल. सगळ्यात बारीक असेल तिथं थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. मग मुद्दाम बिघडवून पुन्हा लावा, हातमोजे घालून, टॉर्च बंद ठेवून. मिनिटाच्या आत जमेपर्यंत हेच करा. गारठ्यात फोकस सरकतो, त्यामुळे तिथं तासातासाला तपासावा लागतो.

मग आकडे. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) 3500 ते 4000 केल्विन, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन (हलणं सावरणारी सोय) बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब वेळेच्या फोटोतले दाणे कमी करणारी सोय, तीही बंद ठेवा, नाहीतर दर फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो. शिवारात ताऱ्यांसाठी एफ 2.8, आयएसओ 3200, 15 सेकंद. ध्रुवीय प्रकाशाची संथ कमान असेल तर 8 ते 15 सेकंद चालतात. प्रकाशाचा पडदा लहरायला लागला की 2 ते 5 सेकंदांवर या. शटर लांबवलं तर घड्या एकमेकींत मिसळून नुसता हिरवा धूर उरतो. वाऱ्यावर हलणाऱ्या ज्वारीच्या कणसांवर हाच फरक पाहून घ्या: 15 सेकंदांत कणसं पुसली जातात, 2 सेकंदांत बरीचशी ओळखू येतात.

अंधारात स्क्रीन फसवते, काळपट फोटोही उजळ वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा असा दाखवणारा आलेख, बघा. तिथं रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, कारण सगळ्यात आधी हिरवा उजव्या कडेला धडकतो.

शिवारात न कळणारी एक चूक आहे. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर ताऱ्यांच्या फोटोत त्रास देत नाही. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा मात्र ऑक्सिजनचा, 557.7 नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा असतो. फिल्टरच्या सपाट काचेत तो उलटसुलट परावर्तित होतो आणि फोटोच्या मधोमध वर्तुळावर वर्तुळं उमटतात. ती नंतर काढणं फार अवघड, म्हणून निघण्याआधीच फिल्टर काढून टाका.

थंडीत बॅटरी पटकन उतरते, जादाची आतल्या खिशात अंगाशी ठेवा. परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा. उबदार खोलीत तो उघडा आणलात तर फ्रीजमधल्या बाटलीसारखा घाम सुटतो, आतल्या काचेवरसुद्धा. मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या आणि पिशवी दोन तास उघडू नका.

लातूरहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर असतो, ट्रॉम्सोत जवळजवळ 70. कमान उत्तरेला खाली दिसली तरी जोर वाढला की ती थेट डोक्यावर येते. ट्रायपॉडचं डोकं सरळ वर वळवून फ्रेम बांधायचाही सराव करून जा.