एफआर-४ बोर्डासाठी कार्बाइडचं ड्रिल आणि राऊटर कसं ठरवावं

एफआर-४ म्हणजे सर्किट बोर्डाचं नेहमीचं साहित्य. त्यात काचेचे धागे असतात आणि इपॉक्सी असतं. काच धार खाते, इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. हायस्पीड स्टील इथे लवकर बोथट होतं, म्हणून कार्बाइड, म्हणजे कोबाल्टने बांधलेले टंगस्टन कार्बाइडचे दाणे. पण ते ठिसूळ. दाणा सूक्ष्म आणि कोबाल्ट साधारण ६ ते १० टक्के असा ग्रेड घ्या.

तयार भोक ०.८ मिमी हवं असेल तर ०.९ चं बिट धरा. तांब्याचा मुलामा भिंतीवर साधारण २५ मायक्रॉन चढतो, म्हणजे व्यास ०.०५ ने घटतो. उरलेली जागा कथलाला आणि कमीजास्त फरकाला.

खरी ओढाताण लांबीची. १.६ मिमीचे तीन बोर्ड, वर ०.२ चा ॲल्युमिनियम पत्रा, खाली बॅकअपमध्ये, म्हणजे आधाराच्या फळीत, ०.५ शिरकाव: झाले ५.५ मिमी. फ्लूट, म्हणजे बिटावरची भुसा बाहेर नेणारी खाच, यापेक्षा दीड-दोन मिमी लांब हवी, नाहीतर भुशाला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि बिट आतच मोडतं. उगाच लांबही नको. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला बिट आठपट वाकतं. त्यापेक्षा थप्पीतला एक बोर्ड कमी करा.

मधला गाभा, म्हणजे वेब, जाड ठेवला तर बिट मजबूत होतं, पण टोकाच्या मधोमध असलेली आडवी कड, म्हणजे चिझल कड, लांबते, बिट सुरुवातीलाच सरकतं आणि फ्लूट अरुंद होते. पॉइंट अँगल, म्हणजे टोकाचा कोन, बारीक बिटांना बहुधा १३० अंश. मल्टिलेयरला, म्हणजे आतही तांब्याचे थर असलेल्या बोर्डाला, टोकामागे अंग थोडं बारीक केलेलं, अंडरकट बिट घ्या. घासणं कमी, त्यामुळे आतल्या तांब्यावर राळ (वितळलेलं इपॉक्सी) कमी फासली जाते.

कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला तर ०.९ मिमीला सुमारे ५३,००० आरपीएम येतात. फेऱ्याला ०.०५ मिमी फीड (बिट खाली उतरण्याचा वेग), म्हणजे मिनिटाला २.६५ मीटर. बिट मोडेल या भीतीने फीड निम्मं करू नका. धार कापायचं सोडून घासत राहते आणि राळ वितळते. बिटं वारंवार मोडत असतील तर आधी कोलेट (बिट धरणारी पकड) साफ करून रनआऊट, म्हणजे फिरताना बिट किती डगमगतं ते, मोजा.

कडा कापायला चिप-ब्रेकर (भुशाचे तुकडे करणाऱ्या) दातांचं, फिशटेल (माशाच्या शेपटीसारख्या) टोकाचं २.४ मिमी राऊटर चांगलं. अपकट, म्हणजे वरच्या दिशेने कापणारं राऊटर, भुसा वर काढतं पण बोर्डही उचलतं, तेव्हा बोर्ड धरणाऱ्या पिना घट्ट हव्यात. राऊटर बोर्डाच्या जाडीपुरतंच झिजतं. झेड, म्हणजे राऊटरची खोली, थोडा बदलला की वरची कोरी धार कामाला येते.