'मिडलमार्च' मध्येच न सोडता कशी वाचावी

जॉर्ज एलियट, म्हणजे मेरी ॲन एव्हन्स (१८१९–१८८०), यांची ही सर्वांत समृद्ध कादंबरी. पण ८६ प्रकरणं पाहूनच पुष्कळांचा धीर सुटतो. डिसेंबर १८७१ पासून वर्षभरात ती आठ भागांत निघाली होती. तशीच वाचा, महिन्याला साधारण एक भाग. पहिला भाग १२ प्रकरणांचा आहे.

वाचक अडखळतात ते बहुधा अकराव्या प्रकरणाशी. मन नायिका डोरोथिया ब्रूकमध्ये गुंतलेलं असतं आणि एकदम डॉक्टर लिडगेट, बँकवाले बुलस्ट्रोड, व्हिन्सी कुटुंब पुढे येतं. कारण लिडगेटची कथा १८६९ मध्ये सुरू झालेली, 'मिस ब्रूक' ही डोरोथियाची वेगळी कथा १८७० च्या अखेरीस. एलियटनी दोन्ही नंतर जोडल्या. इथे पानं उलटून डोरोथियाकडे धावू नका. डोरोथियाचं आणि लिडगेटचं अशी दोन लग्नं शेजारी ठेवून पाहण्यातच या पुस्तकाचा जीव आहे. वहीत नात्यांचा तक्ता मात्र करा, नाहीतर श्रीमंत म्हाताऱ्या फेदरस्टोनच्या मृत्युपत्रापाशी गोंधळ उडतो.

कथेचा काळ १८२९ ते १८३२. मताधिकार वाढवणाऱ्या ब्रिटनमधल्या १८३२ च्या सुधारणा कायद्याबद्दल आधी दोन पानं वाचा. मग डोरोथियाच्या ब्रूककाकांचं निवडणुकीचं भाषण (प्रकरण ५१) खरं रंगतं.

एलियटचं चरित्र पाचव्या भागानंतर घ्या. विवाहित जॉर्ज हेन्री लुइस यांच्यासोबत १८५४ पासून उघडपणे राहिल्यामुळे एलियटना समाजाने दूर लोटलं. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचा स्मृतिशिलालेख बसला तो थेट १९८० मध्ये. हे कळल्यावर बुलस्ट्रोडवर गाव उलटतं ती प्रकरणं वाचा.