आधी झुरळ कुठलं ते ओळखा, मग औषध आणा

"घरात झुरळं झालीत, काय मारू?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठली झालीत? लोक हसतात, पण खरंच फरक पडतो, एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला काहीच करत नाही.

तर पहिलं काम. रात्री सगळं आवरून झाल्यावर काचेची रिकामी बरणी घ्यायची, आतून गळ्याशी व्हॅसलिनचा पट्टा फिरवायचा म्हणजे वर चढता येत नाही, आत पावाचा तुकडा टाकायचा आणि बाहेरून कागद गुंडाळायचा चढायला. एक सिंकखाली, एक मोरीत, एक टीव्हीमागे किंवा कपाटावर. सकाळी कुठल्या बरणीत काय सापडलं ते बघा.

मोठं, लालसर तपकिरी, दीड इंचाचं, डोक्यामागच्या ढालीवर पिवळट कडा, हे अमेरिकन झुरळ, नाव अमेरिकन पण मूळ आफ्रिकेचं. गावाकडच्या घरात, जुन्या वाड्यात, चाळीत हेच जास्त, कारण मोरी, उघडं गटार, सरपणाचा ढीग आणि ओल. हे बाहेरून येतं, त्यामुळे किचनभर जेल (झुरळं खाऊन मरतात ते विषारी आमिष) लावून फार उपयोग नाही, मोरीला बारीक जाळी बसवा, पाइपभोवतीची भोकं सिमेंटने बुजवा, चेंबरचं झाकण नीट बसतंय का बघा.

लहान, अर्ध्या इंचाचं, ढालीवर दोन काळ्या रेघा, हे जर्मन. शहरातल्या फ्लॅटमधली खरी डोकेदुखी हीच! ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरपाशी, मिक्सरच्या खाली. मादी अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत पोटाला धरून फिरते, एका डबीत तीस-चाळीस अंडी, म्हणून वाढतातही झपाट्याने. गंमत म्हणजे 2024 च्या एका जनुकीय अभ्यासानुसार हे सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून तयार झालं, म्हणजे जर्मन वगैरे काही नाही, आपल्याच बाजूचं. याला जेलच. ज्वारीच्या दाण्याएवढे बरेच छोटे ठिपके फटींत लावा, एकच मोठा गोळा नको, आणि तिथे स्प्रे अजिबात मारू नका, स्प्रेच्या वासाने ती जेलकडे फिरकत नाहीत, लोक दोन्ही एकदम करतात आणि मग जेलला शिव्या घालतात. काही जर्मन झुरळांना जेलमधली साखर, म्हणजे ग्लुकोज, कडू लागायला लागलंय, त्यामुळे जेल खातच नसतील तर वेगळ्या घटकांचं आणून बघा. दोन-तीन आठवड्यांनी परत लावा, डबीतली अंडी पहिल्या खेपेला वाचलेली असतात. लहान मुलं, मांजर असेल तर हात पोचणार नाही अशा जागी.

तिसरं, तेवढंच लहान पण पंखांवर फिकट आडवे पट्टे असलेलं, ते कोरड्यात राहतं. कपाटाच्या वर, फोटोफ्रेममागे, राउटरमध्ये. किचन घासून काही होत नाही, जेल वरच लावा आणि फर्निचरला चिकटलेल्या डब्या खरवडून काढा.

आणि उपनगरातल्या बंगलेवाल्यांना, बाल्कनीत बाग करणाऱ्यांना कुंडीच्या ओल्या मातीत काळपट चकचकीत झुरळ सापडतं, ते सुरिनाम. त्यात माद्याच असतात, नराशिवाय वाढतात. घरातल्या अन्नाशी त्यांना घेणं नाही, रोपाची मुळं-खोड मात्र कुरतडतात. कुंडी सुकू द्या, माती बदला, पेस्ट कंट्रोलवर पैसे घालवू नका.

सोसायटीत राहत असाल आणि जर्मन निघालं तर शेजाऱ्यांनाही त्याच आठवड्यात जेल लावायला सांगा, नाहीतर भिंतीतल्या पाइपाने इकडची तिकडे आणि परत इकडे.