मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही आपल्याला झेपेल का? बुकिंगआधी टेप काढा

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. हौसेने पेढे वाटले, सगळ्यांना चक्कर मारून आणली. पंधरा दिवसांत त्यांच्याकडे एक रीत पडली. गाडी गेटपाशी थांबते. आजींना हात धरून उतरवतात, पिशव्या काढतात, मुलं खाली येतात. मग चालवणारा एकटाच गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, घालतो आणि दार आणि खांब यांच्या फटीतून अंग चोरून बाहेर येतो. जुलैच्या पावसात आजी छत्रीखाली उभ्या राहून वाट बघताना मी अनेकदा पाहिल्या. गाडीत काही वाईट नाही, जागाच तिच्या मापाची नाही. आणि हे बुकिंगआधी अर्ध्या तासात कळलं असतं.

आम्ही गाडी बघायला लागलो तेव्हा म्हणूनच मी आधी टेप काढला. मोठी गाडी आपल्याला मोठी पडते की नाही, हे आपल्या रोजच्या वापरातल्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरतं. शोरूमच्या चकचकीत फरशीवर कुठलीच गाडी मोठी वाटत नाही. खाली जी पद्धत देतोय ती पुण्यात राहून, कोकणात गाव असलेल्या माणसाची आहे. तुमच्या जागा वेगळ्या असतील, मोजायची रीत तीच.

पहिलं काम: पार्किंग मोजा, तेही खांबापासून खांबापर्यंत

आपल्या राज्याच्या 2020च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत चारचाकीच्या पार्किंगचं माप 2.5 मीटर बाय 5 मीटर आहे. पण त्यातल्या निम्म्यापर्यंत जागा 2.3 बाय 4.5 मीटरच्या ठेवायला मुभा आहे. तुमच्या वाट्याला कुठली आली ते अलॉटमेंट लेटरवरून कळेलच असं नाही. खाली जाऊन मोजा. पिवळे पट्टे मोजून भागत नाही, कारण पट्टा खांबाच्या मधोमध मारलेला असू शकतो. खांबाच्या कडेपासून समोरच्या खांबाच्या किंवा भिंतीच्या कडेपर्यंत, मोकळी जागा मोजा. ड्रेनेजचा पाइप खाली उतरला असेल तर त्याच्यापासून.

आता गाडीची मापं घ्या. चाकणला बनणारी महिंद्राची एक्सईव्ही 9ई 4,789 मिलिमीटर लांब आणि 1,907 रुंद आहे. 2.3 मीटरच्या जागेत ती बरोबर मध्ये उभी केली तर दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटरही उरत नाही. डावीकडे भिंतीला दहा सेंटिमीटरपर्यंत चिकटवली तरी उजवीकडे एकोणतीस. एवढ्या फटीतून कुणीही नीट उतरू शकत नाही. मोठ्या माणसाला सुखाने बाहेर यायला पंचावन्न-साठ सेंटिमीटर तरी लागतात. शिवाय जागा 4.5 मीटर लांबीची असेल तर गाडीचा जवळजवळ तीस सेंटिमीटर भाग बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेवर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची अर्धी भांडणं याच तीस सेंटिमीटरवरून होतात.

ब्रोशर वाचताना एक खबरदारी घ्या. काही कंपन्या रुंदी आरशांसकट देतात, काही आरसे सोडून. टाटा हॅरियर ईव्हीची छापील रुंदी 2,132 मिलिमीटर दिसते, ती आरशांसकट आहे. म्हणून कागदावर ती एक्सईव्ही 9ईपेक्षा वीत-सव्वावीत रुंद वाटते, प्रत्यक्षात तसं नाही. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते सेल्समनला स्पष्ट विचारा.

आकडे डोक्यात बसत नसतील तर खडू घ्या. रात्री दहानंतर, शेजारच्या गाड्या आणि दुचाकी जागेवर लागलेल्या असताना, पार्किंगच्या फरशीवर गाडीचा चौकोन पूर्ण मापाने आखा. मग घरातल्या सगळ्यांना खाली बोलवा आणि प्रत्येकाला आपापल्या दाराच्या जागी उभं करा. आमच्याकडे मी हे केलं तेव्हा आई खडूच्या रेघेच्या बाहेर पाऊल टाकायला गेली आणि तिचा खांदा खांबाला लागला. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून बाजूला झाली. माझा अर्धा निर्णय तिथेच झाला.

पझल किंवा स्टॅक पार्किंग असेल तर यंत्रावरची पाटी वाचा. लांबी, रुंदी, उंची आणि वजन, चारही गोष्टींची मर्यादा तिथे लिहिलेली असते. गाडी ज्यावर उभी राहते ते पॅलेट बरेचदा सेडानच्या हिशेबाने बसवलेले असतात. मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचं वजन बॅटरीमुळे दोन टनांच्या घरात किंवा त्यापुढे जातं, आणि उंचीही नडते: हॅरियर ईव्ही 1,740 मिलिमीटर उंच आहे. इथे ‘बसेल की’ म्हणून चालत नाही. पाटीवरचा आकडा आणि गाडीचं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) शेजारी शेजारी लिहा, त्यात माणसं-सामान नाही हे लक्षात ठेवून.

दुसरं काम: रोजच्या रस्त्यातली सगळ्यात चिंचोळी जागा शोधा

रुंद रस्ते विसरा. तुमच्या आठवड्यात गाडी कुठे कुठे अडते तेवढंच लिहून काढा. आमची यादी अशी होती: सदाशिव पेठेत काकांकडे जायची गल्ली, मुलीच्या क्लासबाहेर पी-1, पी-2च्या तारखा बघून लावायची जागा, दवाखान्याच्या तळघराचा उतार, आणि वर्षातून चार वेळा राजापूर तालुक्यातलं गाव.

वळणाची भीती मात्र मला वाटायची तेवढी खरी निघाली नाही. एक्सईव्ही 9ईसारख्या गाडीत मोटर मागे असते आणि ती मागचीच चाकं ओढते, त्यामुळे पुढची चाकं जास्त वळू शकतात. कंपनी वळणाचा व्यास दहा मीटर सांगते; एवढ्या लांबीच्या गाडीला हे फार चांगलं आहे. यू टर्न एका फटक्यात होतो. म्हणजे लांबीवर तोड आहे. रुंदीला काही तोड नाही. दोन्ही बाजूंना दुचाक्या लागलेल्या गल्लीत 1.9 मीटरची गाडी आणि 1.8 मीटरची गाडी यांत फरक चार बोटांचा, पण आरसा मिटावा लागतो की नाही हे त्याच चार बोटांवर ठरतं.

गावच्या रस्त्याचं गणित तर अगदी सोपं आहे. एकेरी डांबरी रस्ता साधारण 3.75 मीटर रुंद असतो. समोरून लाल परी आली, ती अडीच मीटरच्या आसपास. तुमची 1.9. बेरीज 4.4. म्हणजे कुणाची तरी चाकं साइडपट्टीवर उतरणारच, आणि एसटी उतरत नाही. पावसाळ्यात अणुस्कुरा घाट उतरून पाचलकडून आत शिरलं की त्या साइडपट्टीत किती चिखल असतो, हे कोकणात गाव असलेल्याला सांगायला नको. आमच्या घराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आहेत. सगळ्यात अरुंद जागी टेपने मोजलं तर 2.35 मीटर भरलं. मोठी गाडी तिथून जाते, आरसे मिटून, कुणीतरी पुढे उभं राहून हात दाखवत असेल तर. रात्री अकराला, पावसात, मुलं झोपलेली असताना कोण उतरणार?

तिसरं काम: टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा

शोरूमवाले आपला ठरलेला रस्ता दाखवतात, तो नेहमी रुंद असतो. आग्रह धरा की गाडी घरी आणा, संध्याकाळी सातला. मग गाडी तुमच्या पार्किंगमध्ये घाला, बाहेर काढा, पुन्हा घाला. तुम्ही स्वतः. आणि तुमच्यानंतर घरात जे जे चालवतात त्या प्रत्येकाने.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. गाडी दोघांची असते आणि माप एकाचं घेतलं जातं. बायको रोज मुलीला क्लासला सोडते, पण टेस्ट ड्राइव्ह नवऱ्याने घेतलेली. गाडी आली की तिला बॉनेटचं टोक दिसत नाही, डाव्या चाकाचा अंदाज येत नाही, आणि महिन्याभरात ती पुन्हा स्कूटर काढते. वीस-पंचवीस लाखांची गाडी घरातल्या एका चालकाला वर्ज्य झाली तर ती त्या घराला मोठीच आहे. सीट पूर्ण वर करून, स्टेअरिंग आपल्याला जमेल तिथे आणून बघा: बॉनेट दिसतं का, पुढच्या काचेशेजारचा गाडीचा खांब वळणावर पादचाऱ्याला झाकतो का.

360 अंशांचा कॅमेरा मदतीला असतोच आणि तो खरोखर कामाचा आहे. पण तो मदतनीस आहे, मालक नव्हे. घाटातून आल्यावर त्याच्या काचेवर चिखल असतो, आणि लक्ष्मी रस्त्याला सेन्सर इतके सतत वाजतात की शेवटी माणूस ते बंद करतो. म्हणून एकदा स्क्रीनकडे न बघता, फक्त आरशांवर गाडी लावून बघा. जमलं तर गाडी तुमच्या हातातली आहे.

चौथं काम: मागच्या सीटवर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बसवा

मोठी गाडी म्हणजे ऐसपैस बसणं, हा समज इलेक्ट्रिक गाडीत पूर्ण खरा नाही. बॅटरी फरशीखाली असते, त्यामुळे फरशी वर येते आणि सीट त्या मानाने खालीच राहते. परिणाम असा की गुडघे वर येतात आणि मांडीखाली आधार सुटतो. पायांसमोर भरपूर जागा असूनही दोन तासांत कंबर बोलायला लागते. पाच मिनिटं बसून हे कळत नाही. अर्धा तास बसवा. चढताना साडीत पाय किती उचलावा लागतो, आधाराला हँडल हाताला येतं का, उतरताना पाय जमिनीला टेकतो की लोंबकळतो, हे बघा. आईला विचारलं तर ‘बरी आहे की’ म्हणेल. तिच्या उत्तरापेक्षा तिचे गुडघे बघा.

पाचवं काम: चार्जिंगची जागा आणि मंजूर भार

इथे लोक उगाच घाबरतात. 79 किलोवॅट तासाची बॅटरी 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला साडेअकरा-बारा तास लागतात हे खरं, पण रोज शून्यापासून कोण भरतो? दिवसाला चाळीस किलोमीटर धावलात तर मोठी गाडी साधारण सात युनिट खाते, लहान गाडी पाच-सहा. तेवढं साध्या 15 अँपिअरच्या प्लगवरही अडीच-तीन तासांत भरतं. विजेच्या खर्चासाठी मोठी गाडी नाकारायचं कारण नाही.

बघायचं ते वेगळंच. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे तुमच्या जोडणीवर एका वेळी किती वीज घ्यायची मुभा आहे तो आकडा, छापलेला असतो, तो बघा. चार्जर बसवायचा तर तो वाढवून घ्यावा लागेल का ते विचारून ठेवा. आणि गाडीचं चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते खडूच्या चौकोनावर खूण करून ठेवा. तेच खांबाच्या बाजूला आलं तर रोज रात्री चार्जरची गन लावायला त्या एकोणतीस सेंटिमीटरमध्ये शिरावं लागेल.

टोलमाफीही आकार बघत नाही. राज्याच्या 2025च्या धोरणाप्रमाणे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकीला टोल माफ झाला. गाडी लहान असो वा मोठी, फायदा सारखाच.

सहावं काम: वर्षभराची माणसं मोजा

मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा. पाच माणसं आणि पूर्ण सामान असं किती दिवस झालं? आमचे अकरा दिवस निघाले, गणपती आणि मे महिना धरून. सात माणसं एकदाही नाही. अकरा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस खांब सांभाळायचा का, की त्या दिवसांत टपावर कॅरिअर लावायचा किंवा भाड्याने इनोव्हा करायची? तुमचे साठ-सत्तर दिवस निघाले, आईवडील बरोबर राहत असले, दर पंधरवड्याला नाशिकला जाणं असलं, तर उत्तर वेगळं येईल. मग 663 लिटरची डिकी ही चैन राहत नाही, आणि मोठी गाडी जरूर घ्या. त्याबद्दल कुणाची क्षमा मागायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र तपासा: तुम्हाला मोठी गाडी हवी आहे की मोठी बॅटरी? पुष्कळांना हवी असते लांबची रेंज, आणि तिच्यापायी ते मोठं अंग घेतात. महिंद्राच्याच बीई 6मध्ये तशाच 59 आणि 79च्या बॅटऱ्या मिळतात आणि ती एक्सईव्ही 9ईपेक्षा बेचाळीस सेंटिमीटरने आखूड आहे. लांबी नडत असेल तर प्रश्न सुटला. पण रुंदी दोघींची सारखीच, 1,907. खांब नडत असेल तर बीई 6ही तेवढीच नडेल. तिथे क्रेटा इलेक्ट्रिकच्या 1,790 किंवा नेक्सॉन ईव्हीच्या 1,811कडे बघावं लागतं.

आमच्या पार्किंगमध्ये खांबापासून खांबापर्यंत 2.42 मीटर भरतं. मोठ्या गाडीला डावीकडे दहा सोडून उजवीकडे एक्केचाळीस उरत होते. आम्ही 1,790वाली घेतली, तिला त्रेपन्न उरतात. दार पूर्ण उघडत नाही, पण पुरेसं उघडतं. आई माझ्या मागच्या सीटवर बसते आणि पावसातही थेट स्टिल्टमध्ये येऊन उतरते.